दुकानाचे सॉफ्टवेअर : घडण, चाचणी आणि गल्ला एका मापाचे हवेत

कुर्ता शिवताना कोणताही जाणता शिंपी कापडाला थेट पक्की शिलाई घालीत नाही. आधी माप, मग खाका, मग कच्चा टाका, मग गिऱ्हाइकाच्या अंगावर घालून पाहणे, आणि त्यानंतर मशीन. हीच माणसे दुकानातल्या बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल करताना मात्र सरळ पक्की शिलाई घालतात. गिऱ्हाईक समोर उभे आहे आणि काउंटरवरचा मुलगा फोन कानाला लावून, दुसऱ्याच्या सांगण्यावरून दर बदलतो आहे, हे दृश्य आपल्या बाजारपेठेत नवे नाही.

सॉफ्टवेअरच्या धंद्यात यासाठी तीन जागा मानतात. जिथे प्रोग्रॅम लिहिला जातो ती घडणीची जागा, जिथे तो तपासतात ती चाचणीची जागा, आणि जिथे खरे गिऱ्हाईक, खरा पैसा असतो ती चालू जागा. संगणकवाले यांना डेव्हलपमेंट, टेस्ट आणि प्रॉडक्शन म्हणतात. तीन जागा असणे ही अर्धीच गोष्ट झाली. त्या तिन्ही एकसारख्या नसतील तर चाचणीला काही अर्थ राहत नाही. चाचणी एका मापावर आणि अंगरखा दुसऱ्याच्या अंगावर, असा तो प्रकार होतो.

समजा, लिंबागणेशच्या एखाद्या व्यापाऱ्याचे तयार कपड्यांचे दुकान आहे आणि दुसरा काउंटर बीड शहरात आहे. प्रोग्रॅम लिहिणारा पुतण्या पुण्याला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. तयार कपड्यांच्या नगाची किंमत १००० रुपयांपर्यंत असेल तर पूर्वी ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के कर होता. आता २५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के झाला. म्हणजे १८०० रुपयांच्या कुर्त्यावरचा कर २१६ रुपयांवरून ९० वर आला, तर २६०० रुपयांच्या शेरवानीवरचा ३१२ वरून ४६८ वर गेला. पुतण्याने पुण्यात बदल केला, दोन बिले काढून पाहिली, "चाचा, झाले" म्हणून कळविले. खरेच झाले का?

तपासायच्या गोष्टी पुढेच आहेत. बरोबर २५०० रुपयांच्या नगाला ५ टक्केच लागतो का? २० सप्टेंबरचे जुने बिल पुन्हा छापले तर त्यावर जुनाच दर येतो का? त्या बिलावरचा कुर्ता २५ तारखेला परत आला, तर जमा-पावती १२ टक्क्यांनीच निघायला हवी, कारण विक्री त्या दराने झाली होती. ज्या प्रोग्रॅममध्ये जुना दर पुसून नवा लिहिला, तो इथे चुकणारच. दरासोबत तो कोणत्या तारखेपासून लागू, हेही साठवले पाहिजे. गिऱ्हाइकाकडून १२६ रुपये जास्त घेतले गेले, तर चूक यंत्राची म्हणून तो पैसा आपल्याला हलाल होत नाही. त्याचा हक्क त्याला परत करावाच लागतो.

आता जागांमधील फरकाकडे या. पुण्याच्या यंत्रावर मराठी अक्षरे युनिकोडमध्ये आहेत आणि दुकानातला जुना संगणक जुन्या पद्धतीच्या फॉन्टवर चालतो. पुण्यात सुबक छापलेले मालाचे नाव दुकानात चौकोनी खोक्यांत उमटते. दुसरे उदाहरण तारखेचे. एका यंत्रात दिवस आधी आणि दुसऱ्यात अमेरिकन रीतीने महिना आधी अशी मांडणी असली, तर ५ जूनचे बिल ६ मेच्या खात्यात जाते. यातली खोच अशी की महिन्याच्या पहिल्या बारा तारखांपर्यंत यंत्र तक्रारच करीत नाही. तेराव्या तारखेला ते अडते, आणि तोवर रोजमेळ बिघडलेला असतो. म्हणून संगणकाची प्रणाली व तिची आवृत्ती, फॉन्ट, तारखेची मांडणी, छपाईयंत्र आणि प्रोग्रॅमचा क्रमांक या पाच गोष्टी तिन्ही जागी कागदावर लिहून मिळवून पाहाव्यात. तेवढ्याने निम्मी दुखणी जातात, असे माझे मत आहे.

सगळ्या यंत्रांवर बदल पोहोचला की नाही हे न पाहिल्याने काय होते, त्याचा दाखला मोठ्या बाजारातला आहे. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीने नवा प्रोग्रॅम चालू केला. आठ यंत्रांपैकी सातांवर तो चढविला गेला, आठवे राहून गेले. त्या एका यंत्रावरचा जुना, वापरातून गेलेला भाग जागा झाला आणि भराभर चुकीचे सौदे करीत सुटला. सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. पुढच्या वर्षी ती कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. लिंबागणेशचा काउंटर बदलला आणि बीडचा राहिला, तर आपलाही आठवा संगणक तोच.

भाराचे उदाहरण आपल्याकडचेच. ५० हजार रुपयांवरील मालाच्या वाहतुकीसाठी ई-वे बिल १ फेब्रुवारी २०१८ पासून सक्तीचे व्हायचे होते. जानेवारीच्या मध्यापासून त्याची चाचणी चालू होती. परंतु सक्तीच्या पहिल्याच दिवशी पोर्टल अडखळले, सरकारला त्याच दिवशी सक्ती पुढे ढकलावी लागली, आणि आंतरराज्य वाहतुकीसाठी ती १ एप्रिलपासून आली. चाचणीत वीस बिले निघाली म्हणून ईदच्या गर्दीत तीनशे निघतील असे धरून चालू नये. चाचणीच्या यंत्रात मालाची यादीही दुकानाइतकीच मोठी भरावी.

येथे एक खबरदारी. यादी खरी वाटावी म्हणून पुष्कळ जण दुकानाचा सगळा डेटा उचलून पुण्याला पाठवितात. त्यात गिऱ्हाइकांचे मोबाइल क्रमांक आणि उधारी असते. ती आपल्याकडची अमानत आहे. नावे व क्रमांक बदलून मगच प्रत द्यावी. प्रोग्रॅम घडणीकडून गल्ल्याकडे जातो, माहिती गल्ल्याकडून घडणीकडे येते. पण ती अशी झाकून. आणि चाचणीची बिले खऱ्या क्रमांकांच्या मालिकेत कधी मिसळू देऊ नयेत. सरकारी ई-इन्व्हॉइससाठीही प्रोग्रॅमरांना सरावाचे पोर्टल वेगळे दिलेले आहे. तिथे मिळालेला क्रमांक खऱ्या व्यवहारात चालत नाही.

काउंटरवर घाईत केलेली दुरुस्ती हा सर्वांत मोठा रोग. मुलाने दुकानातच काही बदलले, पुण्यात त्याचा पत्ता नाही, आणि पुढच्या वेळी नवी प्रत चढली की ती दुरुस्ती पुसली जाते. निकड असेल तर करा, परंतु त्याच रात्री पुण्याला कळवून घडणीच्या प्रतीतही करून घ्या. गल्ल्याजवळ एक वही ठेवा : तारीख, काय बदलले, कोणी, कोणत्या क्रमांकाची प्रत, दोन्ही काउंटरवर चढली का. मुदतीची उधारी लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकरहच्या २८२ व्या आयतीत आहे. ती देण्याघेण्याविषयी आहे, सॉफ्टवेअरविषयी नाही, हे खरे. पण लिहिण्याची ती सवय ज्या घरात आहे तिथे ही वही जड जाऊ नये.

खर्चाचा प्रश्न येईल. चाचणीसाठी नवे यंत्र नको. अडगळीतला एखादा जुना संगणक चालतो, फक्त वरच्या पाच गोष्टी मिळवून घ्याव्यात. तोही नसेल तर त्याच संगणकावर वेगळ्या नावाने दुसरी प्रत ठेवावी आणि तिच्या बिलावर 'चाचणी' असे ठळक छापून यावे.

वेळेचे म्हणाल तर काही बांधव जुम्म्याला दुकान बंद असते म्हणून दुपारी बदल चढवितात. ती तास-दीड तासाची सवड फार अपुरी आहे; काही बिघडले तर जुनी प्रत परत बसवायलाही वेळ उरत नाही. रात्री दुकान मिटल्यावर, आधी सर्व डेटाची प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन, मगच हात घालावा. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत तर कायद्याने भाग पडल्याशिवाय काहीच बदलू नये. जुनी प्रत पुसू नका. ती परत कशी बसवायची हे पुतण्याकडून एकदा शिकून घ्या आणि तो फोनवर नसताना करून पाहा.