पुरेसा निधी आणि उत्तरदायित्व

शासकीय योजना कागदावर कितीही चांगली असो; ती राबविणारी यंत्रणा दुर्बळ असेल, तर योजनेचा लाभ लोकांपर्यंत पोहोचत नाही. छत्तीसगडमधील शिधावाटपाचा अनुभव या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे.

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य स्थापन झाले व रायपूर त्याची राजधानी झाली. हा प्रदेश भाताचे कोठार म्हणून प्रसिद्ध आहे. तरीही अभ्यासकांच्या अंदाजानुसार २००४-०५ मध्ये शिधावाटपाच्या जवळजवळ निम्म्या धान्याला वाटेतच पाय फुटत होते. याचे एक कारण दुकानाच्या हिशेबातच दडलेले होते. रास्त भाव दुकानदारास क्विंटलमागे अवघे ८ रुपये कमिशन मिळे. समजा, त्याने महिन्याला १०० क्विंटल धान्य विकले, तर हाती ८०० रुपये येत. तेवढ्यात भाडे आणि हमाली भागविणेही कठीण होते. प्रामाणिकपणे दुकान चालविणे तोट्याचे असेल, तर काळ्या बाजाराचा मोह वाढतो.

२००४ मध्ये राज्य शासनाने खाजगी दुकानदारांकडून ही दुकाने काढून घेतली आणि ग्रामपंचायती, महिला बचत गट व सहकारी संस्था यांच्याकडे सोपविली. पुढे कमिशन ४५ रुपयांपर्यंत वाढविले, दुकानांना ७५,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले आणि पिवळ्या रंगाच्या मालमोटारींतून धान्य थेट दुकानाच्या दारात पोहोचविण्याची सोय केली. २००९-१० पर्यंत गळती सुमारे एक-दशांशावर आली.

२०१२ मध्ये रायपूर शहरात शिधापत्रिकाधारकांना आपल्या पसंतीच्या दुकानातून धान्य घेण्याची मुभा मिळाली. वजनात मारणाऱ्या दुकानदाराचे ग्राहक दुसरीकडे जाऊ लागले, तर त्याचे कमिशनही बुडणार. परंतु कमिशन पुरेसे असेल, तरच ते गमावण्याचा धाक वाटतो. निधी आणि उत्तरदायित्व यांचा संबंध असा आहे.

मात्र केवळ पैसा पुरत नाही. २०१५ मध्ये याच राज्याच्या नागरी पुरवठा महामंडळातील कथित गैरव्यवहाराची चौकशी सुरू झाली. यंत्रणेला पुरेसा निधी द्यावा आणि त्याचा चोख हिशेबही मागावा. निधी न देता जाब विचारणे व्यर्थ ठरते. जाब न विचारता निधी देणे धोक्याचे ठरते.

पाठगत प्रश्न
१. कमी कमिशनमुळे धान्याची गळती का वाढते?
२. दुकान निवडण्याच्या मुभेमुळे दुकानदारावर वचक कसा बसतो?
३. तुमच्या परिसरातील एखाद्या सार्वजनिक सेवेत निधीअभावी कोणत्या अडचणी येतात, ते पाच वाक्यांत लिहा.