पाण्याचा आणि बांबूचा जमाखर्च

व्यापाऱ्यास जमाखर्च शिकवावा लागत नाही. तरीही काही माल असा आहे की, त्याची नोंद आपल्या कोणत्याच वहीत होत नाही. नदीचे पाणी, रानातील बांबू, जमिनीचा कस यांची पावती फाटत नाही, म्हणून ती फुकट समजली जातात. यांचे मोल ठरविणाऱ्या विद्येस पर्यावरण व साधनसंपत्तीचे अर्थशास्त्र म्हणतात. घरातील एखादा मुलगा वा मुलगी गादीऐवजी या अभ्यासाकडे वळू म्हणेल, तर "त्यात मिळकत काय?" असे विचारण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी एका मराठी प्राध्यापकाचे कार्य पाहावे.

धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचा जन्म १९०१ सालचा. केंब्रिज येथील अध्ययनातून हिंदुस्थानच्या औद्योगिक विकासावरील त्यांचा ग्रंथ सिद्ध झाला व १९२४ साली प्रसिद्ध झाला. पुण्यात १९३० साली गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली, तिचे ते पहिले संचालक. १९६६ पर्यंत ती धुरा त्यांनी वाहिली.

आपल्या विषयाशी निकटचा ग्रंथ १९४८ सालचा. इंग्रजी अमदानीत कालव्याची परीक्षा एकाच कसोटीवर होई: पाणीपट्टीतून भांडवलाचे व्याज सुटते काय? दख्खनचे कालवे या कसोटीस उतरत नसत. म्हणून ते तोट्याचे खाते ठरले. गाडगिळांनी नगर-नाशिककडील गोदावरी व प्रवरा कालव्यांची पाहणी करून पाटाखालील गावे आणि त्याच भागातील कोरडवाहू गावे यांची तुलना केली. पाणीपट्टी हा सरकारचा लाभ; परंतु शेतकऱ्याचे वाढलेले पीक, मजुरास मिळालेले काम, वाढलेला व्यापार यांचे काय? ते त्यांनी प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभ म्हणून हिशेबात धरले. यातील मर्म धान्याचा व्यापारी तात्काळ ओळखील. गावात पाणी आले की, अडत्या, गाडीवान, हमाल सर्वांचा हात चालतो. ते कोणत्या सरकारी वहीत जमा होणार? हीच गोदावरी पुढे जुन्या आदिलाबाद जिल्ह्याची दक्षिण सीमा होऊन वाहते.

हे गृहस्थ कागदावरच थांबले नाहीत. विठ्ठलराव विखे पाटील यांच्यासमवेत प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभारण्यात ते अग्रभागी होते व त्याचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले.

त्यांचे चिरंजीव माधवराव अर्थशास्त्री नव्हेत, परिसरशास्त्रज्ञ. पण हिशेबाची तीच दृष्टी त्यांनी रानात नेली. कर्नाटकात १९७५ च्या सुमारास बुरुडांची तक्रार आली की, कागद गिरण्यांमुळे बांबू संपत आहे. गिरण्यांना तो नाममात्र दराने मिळे, बुरुडास मात्र बाजारभावाने घ्यावा लागे. पाहणीत आढळले की, तोडणीच्या सोयीसाठी बेटाभोवतीचे काटेरी आवरण साफ केले जाई. मग कोवळे कोंब गुरे, माकडे व साळिंदर खाऊन टाकीत. फुकटाच्या मालाची राखण कोण करणार?

आपल्याकडे सिरपूर-कागजनगरचा कागद कारखाना आहे. ते गाव २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते. तेथेही बांबू हा कच्चा माल, आणि आपल्या वखारीतील सुपे-टोपल्या विणणाऱ्या बुरुडाचेही पोट त्यावरच. असा दुहेरी हिशेब या जिल्ह्यात कोणी मांडावयास घेईल, तर त्यास काम पुष्कळ आहे.

मात्र ज्यास हा मार्ग धरावयाचा, त्यास पदवीपर्यंत गणित सोडू देऊ नये. आणि खेड्यापाड्यांतून पायी फिरण्याची लाज वाटत असेल, तर दुकानच बरे.