चौकातला चिखल काढताना

माझ्या उमेदीची बहुतेक वर्षे घोडपदेवच्या एका चाळीत गेली. तळमजल्यावर माझा दवाखाना आणि दवाखान्यासमोर चाळीचा फरसबंद चौक. आपल्या जिल्ह्यातील कितीतरी घरांतले कोणी ना कोणी त्या भागात गिरणीत किंवा गोदीत नोकरीला होते. तेव्हा असा चौक कसा असतो, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. गणपती तिथेच बसतो, लग्नाचा मांडवही तिथेच पडतो आणि पावसाळ्यात गटार तुंबले की पाणीही तिथेच साचते.

५ ऑगस्ट २०२० रोजी मुंबईवर असाच पाऊस कोसळला. कुलाब्याला चोवीस तासांत तीनशे मिलिमीटरहून अधिक पावसाची नोंद झाली. आमच्या चौकात गुडघाभर पाणी होते. दोन दिवसांनी ते ओसरले आणि मागे राहिला घोट्याएवढा काळा गाळ. कोरोनाचे दिवस, सफाईला माणूस मिळेना. मग चाळीतलीच मंडळी घमेली-फावडी घेऊन उतरली. सर्वांत पुढे साचा खात्यातून निवृत्त झालेले आमचे शेजारी, ज्यांना सारी चाळ ‘भाऊ’ म्हणे. वय अडुसष्ट, पाय अनवाणी. मी दवाखान्याच्या पायरीवरून पाहत होतो. ‘शाब्बास भाऊ!’ असेही म्हणालो.

नवव्या दिवशी भाऊंना थंडी वाजून ताप आला. त्या काळात ताप म्हटला की एकच विचार मनात येई. तपासणी केली, कोरोना नव्हता. मलेरियाही निघाला नाही. मी तापाच्या गोळ्या दिल्या आणि विश्रांती सांगितली. पाचव्या दिवशी वहिनी आल्या. म्हणाल्या, ‘‘अहो डॉक्टर, यांना उठता-बसता येत नाही. पोटऱ्यांना हात लावू देत नाहीत. चिखल काढला त्या दिवसापासून टाचेची ती भेगही चिघळलीय.’’

मी वर जाऊन पाहिले. डोळे लालभडक, लघवी अगदी थोडी. हा लेप्टोस्पायरोसिस होता. भाऊंना तातडीने रुग्णालयात हलवले, मूत्रपिंडे थकल्यामुळे दोनदा डायलिसिस करावे लागले. तीन आठवड्यांनी ते घरी आले, हे आमचे नशीब. पण एक प्रश्न आजही मला बोचतो. ज्या माणसाला मी डोळ्यांदेखत चिखल उपसताना पाहिले, त्याला ‘मागच्या पंधरा दिवसांत काय काम केलेत?’ एवढे मी का विचारले नाही?

हा रोग जंतूंमुळे होतो. उंदीर, कुत्री, गुरे यांच्या लघवीतून हे जंतू पाण्यात व ओल्या मातीत मिसळतात. पायाची भेग, खरचटलेली जागा, डोळे, नाक, तोंड यांतून ते शरीरात शिरतात. फार वेळ पाण्यात भिजून मऊ पडलेल्या कातडीतूनही शिरू शकतात. ताप बहुधा पाच ते चौदा दिवसांनी येतो. तोवर चौक स्वच्छ झालेला असतो आणि माणूस चिखल विसरून गेलेला असतो. खरा घोटाळा इथेच होतो.

कोल्हापूर-सांगलीने २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि चिपळूणने २२ जुलै २०२१ रोजी जो पूर पाहिला, त्यानंतर बाजारपेठा, शाळांची पटांगणे, देवळांची आवारे लोकांनीच साफ केली. पुढेही करावी लागतील. म्हणून हे काम कसे करावे, ते क्रमाने सांगतो.

१. आधी अंग झाका. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणि रबरी हातमोजे घालावेत. जखम असल्यास तिच्यावर पाणी न शिरणारी पट्टी लावावी. बूट नसतील आणि पायाला भेग असेल, तर त्या माणसाने चिखलात उतरू नये. त्याने पाणी पुरवावे, चहा करावा.

२. वीज बंद करा. भिंतीतली ओल आणि पंपाची भिजलेली वायर जीव घेते. मेन स्विच स्वतः पाण्यात उभे राहून बंद करू नये.

३. गटाराच्या तोंडावरची जाळी मोकळी करा, पण रस्त्यावरच्या मॅनहोलचे झाकण उघडू नका. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात प्रख्यात पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर उघड्या मॅनहोलमध्ये पडून दगावले. ते काम पालिकेच्या माणसांचे आहे.

४. गाळ ओला असतानाच काढा. वाळला की त्याची धूळ होते आणि श्वासातून आत जाते. उंच बाजूकडून उताराकडे पट्ट्यापट्ट्याने या. गाळ गटारात लोटू नका, फाटकाजवळ एका बाजूला ढीग करा.

५. गाळ उचलू नका, ढकला. पंधरा लिटरची बादली गाळाने भरली की तिचे वजन वीस किलोच्या पुढे जाते. रुंद फळीला लांब दांडा ठोकून ताठ उभ्याने ढकलले, तर कंबर वाचते आणि हृदयावरचा ताणही कमी होतो. थंड देशांत फावड्याने बर्फ उपसताना उतारवयाच्या माणसांना हृदयविकाराचे झटके येतात. मोठ्या अंगणांसाठी तिकडे मागून चालत ढकलायची यंत्रेच वापरतात. आपल्याकडे फळी पुरते. वीस मिनिटे काम, दहा मिनिटे विसावा. छातीत दुखले, दम लागला की तिथेच थांबावे.

६. ब्लीचिंग पावडर शेवटी. गाळावर टाकलेली पावडर गाळातच वाया जाते. आधी फरशी धुवा, मग पावडरचे पाणी शिंपडा आणि ऊन लागू द्या. कोरडेपणा या जंतूंना मारक आहे. संडासाचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका, विषारी वायू निघतो.

७. काम संपल्यावर साबणाने अंघोळ करा आणि जखम धुऊन घ्या. चिखलात उतरलेल्यांनी तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना भेटावे. डॉक्सिसायक्लिनची प्रतिबंधक गोळी द्यायची का, किती द्यायची, हे जखम व संपर्क पाहून ते ठरवतात. गरोदर स्त्रियांना आणि लहान मुलांना ती आपल्या मनाने देऊ नये.

८. आणि सर्वांत महत्त्वाचे. पुढच्या महिनाभरात ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर डॉक्टरांसमोर बसताच पहिले वाक्य हे म्हणा: ‘‘मी चिखल काढला होता.’’ वेळेवर दिलेली साधी औषधे या रोगावर चांगली लागू पडतात. कावीळ दिसू लागली, लघवी कमी झाली किंवा दम लागला, तर घरी थांबू नका.

भाऊ आता चौकात फावडे घेऊन उतरत नाहीत. खुर्ची टाकून बसतात आणि पोरांच्या पायांकडे बघतात. एखादा अनवाणी दिसला की गिरणीतल्या आवाजात ओरडतात, ‘‘आधी बूट घाल, मग चिखलात जा!’’ मीही एक सवय लावून घेतली. पावसाळ्यात तापाचा रोगी आला की नाडी हातात घेण्याआधी विचारतो, ‘‘मागच्या पंधरा दिवसांत कुठे होता?’’ माझ्यासारख्या एखाद्या डॉक्टरने हे विचारले नाही, तर वाचकहो, आपणच सांगावे.