न लागणारी केटी

हॉस्टेलवर ‘केटी’ हा शब्द निघाला की निकालाचा दिवस आठवतो आणि छातीत धस्स होतं. पण मित्रांनो, आज जिच्याबद्दल लिहितोय ती केटी लागत नाही, पोहते! केटी लेडेकी, अमेरिकेची लांब पल्ल्याची जलतरणपटू. तिची कारकीर्द आपण इंजिनिअरिंगवाल्यांनी जरूर अभ्यासावी, कारण तिच्या मुळाशी आपल्याच फ्लुइड मेकॅनिक्समधलं एक सूत्र आहे.

पाण्याचा विरोध साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि लागणारी पॉवर घनाच्या प्रमाणात. वेग १० टक्के वाढवा, विरोध २१ टक्के वाढतो आणि पॉवर ३३ टक्के जास्त लागते. म्हणजे आधी सुसाट सुटून नंतर दमणारा काय, किंवा आधी रेंगाळून शेवटी जोर लावणारा काय, दोघांचीही शक्ती वाया जाते. सगळ्यात स्वस्त उपाय एकच, वेग सारखा ठेवणं.

२०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये केटीने ८०० मीटर ८ मिनिटं ४.७९ सेकंदांत पार केलं. ५० मीटरच्या १६ फेऱ्या, सरासरी एका फेरीला ३०.३ सेकंद! दुसरी आलेली स्पर्धक ११ सेकंदांहून जास्त मागे होती. केटी सुरुवातीलाच पुढे निघते, म्हणून बघणाऱ्याला वाटतं की ही आता दमणार. पण तो वेग तिला शेवटपर्यंत परवडणारा असतो, खरी गंमत तिथे आहे.

पहिलं ऑलिंपिक सुवर्ण तिने २०१२ मध्ये लंडनला जिंकलं, तेव्हा ती फक्त १५ वर्षांची होती. रिओत आणखी चार सुवर्णं घेऊन ती स्टॅनफर्डला शिकायला गेली. त्या वेळी कॉलेजच्या संघातून पोहायचं तर जाहिरातींचे करार करता येत नसत. तिने दोन सीझन ते पैसे सोडले. तिथले कॉलेजचे तलाव २५ यार्डांचे, म्हणजे १६५० यार्डांना ६६ फेऱ्या आणि ६५ वेळा वळायचं! नोव्हेंबर २०१७ मध्ये हे अंतर तिने १५ मिनिटं ३.३१ सेकंदांत कापलं. २०१७ आणि २०१८ मध्ये स्टॅनफर्डच्या मुलींनी राष्ट्रीय सांघिक विजेतेपद मिळवलं. मार्च २०१८ मध्ये ती व्यावसायिक झाली, पण शिक्षण सोडलं नाही. २०२० च्या शेवटी तिने मानसशास्त्राची पदवी पूर्ण केली.

सगळं सरळ झालं असं मात्र नाही. १५०० मीटरचा विश्वविक्रम २०१३ पासून तिच्याकडे होता, पण ऑलिंपिकमध्ये ही शर्यत १९०८ पासून फक्त पुरुषांसाठीच! महिलांसाठी ती टोकियोत आली. त्यात २०२० मध्ये कोरोनामुळे तलाव बंद, म्हणून तिने एका कुटुंबाच्या घरामागच्या छोट्या तलावात सराव केला. २८ जुलै २०२१ ला टोकियोत २०० मीटरमध्ये ती पाचवी आली. साधारण तासाभराने पुन्हा पाण्यात उतरली आणि महिलांच्या १५०० मीटरचं पहिलंवहिलं ऑलिंपिक सुवर्ण घेऊन बाहेर आली.

२०२४ ला पॅरिसमध्ये ८०० मीटरचं सलग चौथं सुवर्ण, एकूण नऊ. आणि मे २०२५ मध्ये, २८ व्या वर्षी, ८ मिनिटं ४.१२ सेकंद! जवळजवळ नऊ वर्षांची मेहनत आणि विक्रम सुधारला तो ०.६७ सेकंदाने.

आता आपलं बघा. सेमिस्टरभर आपण कॅन्टीनमध्ये तरंगतो आणि पी.एल. लागली की तिप्पट वेगाने हातपाय मारतो. पाण्याचं सूत्र लावलं तर तिप्पट वेगाला पॉवर लागते सत्तावीस पट. मेसच्या जेवणावर ती कुठून आणणार? मग केटी लागते.

ती दुसरी!