हाटात भरणारा वर्ग



“सध्या कोणत्या फळाचा मोसम आहे?” असे आम्ही वर्गात विचारतो, तेव्हा बाराही महिने “सफरचंद” हेच उत्तर येते. दोष मुलांचा नाही. शीतगृहांमुळे सफरचंद वर्षभर मिळते. म्हणून या वेळचा पाठ हाटाचा.

आपल्या माळव्यात पावसाच्या तोंडावर जांभळे येतात. मग कणसे येतात आणि इंदूरच्या घराघरांत भुट्ट्याचा कीस शिजतो. दिवाळीच्या आगेमागे सीताफळ व शिंगाडा, थंडीत मटार, आवळा, गराडू आणि जाम, म्हणजे आपला पेरू. आपले सणही हेच शिकवतात. तुळशीच्या लग्नात ऊस, चिंच, आवळा. संक्रांतीच्या सुगडात बोरे, गाजर, हरभऱ्याचे घाटे. जे शेतात तयार, तेच पूजेत.

ताज्या मालाला गोडी अधिक का? मटार व मक्याचे दाणे तोडल्यावरही जिवंत असतात. त्यांतील साखरेचे हळूहळू स्टार्च बनते आणि उन्हात ही क्रिया वेगाने होते. म्हणून आज तोडलेली शेंग गोड लागते व चार दिवसांची पिठूळ. पेरूत संत्र्याहून कितीतरी जास्त क जीवनसत्त्व असते. पण साठवण आणि उष्णता यांनी ते कमी होते. जवळच्या शेतातला माल घेण्याचा फायदा इथेच आहे.

निवड कशी करावी? आंबा, केळे, चिकू, सीताफळ उतरवल्यावरही पिकतात. ती थोडी कच्ची घेतली तरी चालतात. द्राक्षे व संत्री घरी ठेवून गोड होत नाहीत, ती चाखूनच घ्यावीत. वरून एकसारखा पिवळा, पण आतून कडक आणि बिनवासाचा आंबा घेऊ नये. कार्बाइडने फळे पिकवण्यास २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी मनाई आहे. कोणतेही फळ धुऊनच खावे.

पालकांना विनंती, महिन्यातून एकदा तरी मुलांना हाटात न्यावे. भाव त्यांना विचारू द्यावा, हिशेब त्यांना करू द्यावा. डब्यात आठवड्यातून दोन दिवस पुडीऐवजी मोसमी फळ द्यावे. विश्वस्त मंडळासही आमचे निवेदन आहे की, शाळेच्या कार्यक्रमांत खाऊ म्हणून बिस्किटांऐवजी पेरू, बोरे किंवा केळी वाटावीत. पैसा जवळच्या शेतकऱ्याच्या घरी जाईल.

गृहपाठ : हाटात दिसलेल्या १० भाज्या-फळांची नावे लिहा. प्रत्येकापुढे हिंदी नाव, मराठी नाव, महिना आणि भाव लिहा. मराठी नाव आठवले नाही तर आजीला विचारा. आपल्या गावी हिंदी नाव बाजारातच कानी पडते. मराठी नाव मात्र घरात बोलले तरच टिकेल. वह्या मराठीच्या तासाला तपासल्या जातील.