घरी शिकणाऱ्या मुलांसाठी जगाचा इतिहास : पुस्तक कसं निवडाल?

पालकहो, मुलाला घरीच शिकवायचं ठरवलं की जगाच्या इतिहासाचं कोणतं पुस्तक घ्यावं, हा प्रश्न येतोच. परदेशी पुस्तकांतली चित्रं छान असतात, पण त्यांत आपला मुलूख क्वचितच सापडतो. मग जगाचा इतिहास म्हणजे दुसऱ्यांचा इतिहास, असं मुलाच्या मनात बसतं. म्हणून तीन गोष्टी तपासा.

१) ओळखीच्या ठिकाणापासून सुरुवात करता येते का?
लातूरजवळचं तेर घ्या. त्याचं जुनं नाव तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक पुस्तकात तगरचं कापड गाड्यांतून भडोच बंदरात जायचं, अशी नोंद आहे. तेरच्या लामतुरे संग्रहालयात हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तशाच प्रकारची भारतीय मूर्ती १९३८ साली इटलीतल्या पाँपेईत सापडली. ते शहर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं होतं. रोमचा धडा इथूनच सुरू करा की!

२) क्रम नीट आहे का?
बालभारतीच्या पाचवीच्या ‘परिसर अभ्यास भाग २’ मध्ये मानवाची वाटचाल, अश्मयुग, शेती, नागरी संस्कृती असा क्रम आहे. तो पाया धरा. पुढे मूल शाळेत गेलं तरी अडत नाही.

३) ‘हे कशावरून कळलं?’ याचं उत्तर मिळतं का?
नुसत्या सनावळ्या असतील तर ते पुस्तक बाजूला ठेवा.

उपक्रम : नकाशावर तेर, भडोच, इजिप्त आणि रोम दोऱ्यानं जोडा. मुलांना विचारा, कापड गेलं, मग बदल्यात काय आलं? ‘पेरिप्लस’मध्ये भडोचला येणाऱ्या मालात द्राक्षाची दारू आणि सोन्या-चांदीची नाणी आहेत. मुलांना आधी अंदाज करू द्या, उत्तर मागून सांगा.