नागीण गेली, मग दुखणं का जात नाही?

नागिणीचे फोड सुकले, खपल्या पडल्या, तरी सदरा अंगाला लागला की आग होते, पंख्याचा वारासुद्धा सोसत नाही. अशा अर्थाची पत्रं या सदराकडे वारंवार येतात. बहुतेकांत शेवटी आणखी एक तक्रार असते: घरचे म्हणतात, तिथे आता काहीच दिसत नाही, तुम्ही उगाच मनाला लावून घेतलंय. माणूस दुखण्याने जितका खचतो त्याहून जास्त या एका वाक्याने खचतो, म्हणून आधी त्याचंच उत्तर देतो. हे दुखणं खरं आहे. बिघाड त्वचेत उरलेला नाही, तो नसेत, मज्जारज्जूत आणि मेंदूत आहे. एक्स-रे, एमआरआय स्वच्छ आले तरी हा बिघाड असू शकतो.

लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या तरी त्यांचा विषाणू शरीर सोडत नाही. पाठीच्या कण्यालगत संवेदना आणणाऱ्या नसांच्या गाठी असतात, तिथे तो वर्षानुवर्षं निपचित पडून राहतो. वय वाढलं, किंवा आजाराने वा औषधांनी प्रतिकारशक्ती घटली, की तो जागा होतो आणि त्या नसेच्या वाटेने त्वचेपर्यंत येतो. म्हणून नागीण सहसा एकाच बाजूला पट्ट्यासारखी उठते. कमरेभोवती तिची दोन टोकं जुळली की माणूस दगावतो, ही भीती पूर्णपणे सोडून द्या. त्या भीतीपायी लोक लेप आणि उतारे करत बसतात आणि औषधाचे मोलाचे दिवस हातचे जातात.

त्वचा साधारण 2 ते 4 आठवड्यांत भरून येते. नसेचं तसं नाही. विषाणूने जखमी केलेले तंतू काही कारण नसताना आपणहून संदेश सोडू लागतात. हा मारा मज्जारज्जूतल्या पेशींवर सतत होत राहिला की त्या पेशीच हळव्या होतात. क्लिफर्ड वूल्फ यांनी 1983 मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगांतून हे दाखवून दिलं, आणि वेदनेकडे पाहण्याची वैद्यकाची दृष्टी बदलली. स्पर्शाचे तंतू वेगळे आणि वेदनेचे वेगळे, पण पेशी हळव्या झाल्या की सदऱ्याचा साधा स्पर्शही वेदना म्हणून वर पाठवला जातो. सदऱ्याने होणारी आग ती हीच.

वर मेंदूत वेदनेचं एकच असं केंद्र नाही. कुठे दुखतंय, किती दुखतंय हे एक भाग ठरवतो. त्या दुखण्याने जीव किती कासावीस व्हावा हे दुसरे ठरवतात. भीती आणि आठवणी सांभाळणारे भागही त्यात असतात. झोप झाली नाही, काळजी वाढली, की ठणका वाढतो तो यामुळेच. तो वाढलेला ठणकाही तितकाच खरा असतो. मेंदूकडून मज्जारज्जूकडे उतरणारा एक मार्गही आहे. खालून येणाऱ्या वेदनेच्या संदेशांना तो आवर घालतो. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 मध्येच मांडलं होतं की मज्जारज्जूत जणू एक दार आहे आणि ते किती उघडायचं यात मेंदूचाही हात असतो. जुनाट दुखण्यात हा आवर ढिला पडतो.

उपचार समजून घ्यायचे ते इथून. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या या दुखण्यावर फारशा चालत नाहीत. महिनोन्‌महिने मनाने आयबुप्रोफेन खाल्लं तर मूत्रपिंडं मात्र धोक्यात येतात. अमिट्रिप्टिलिन रात्री अगदी कमी मात्रेत देतात. माहितीपत्रकात नैराश्यावरचं औषध असं वाचून अनेकजण ते दोन दिवसांत बंद करतात. कृपा करून तसं करू नका. तो वरून खाली येणारा आवर हे औषध बळकट करतं, म्हणून ते दिलेलं असतं. काचबिंदू, प्रोस्टेट किंवा हृदयाचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना आधी सांगा. गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन हळव्या पेशींकडे जाणारे संदेश कमी करतात. त्यांनी गुंगी येते, म्हणून वयस्कर माणसांनी रात्री उठताना आधार घ्यावा. मूत्रपिंडं कमजोर असतील तर मात्रा कमी करावी लागते. ही औषधं हळूहळू वाढवायची असतात, गुण यायला काही आठवडे लागतात, आणि ती एकदम थांबवायची नसतात. दुखणं निम्म्यावर आलं, रात्रीची झोप परत आली, तर उपचार लागू पडला असं समजा. छोट्या जागेवर लिडोकेनची पट्टीही उपयोगी पडते. तिथली त्वचा बधिर असेल तर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, भाजलेलं कळत नाही.

दुखतं म्हणून हालचाल बंद करू नका. मऊ सुती कपडे घाला, झेपेल तितकं रोज चाला. आणि घरच्यांना माझी विनंती: दिसत नाही म्हणून नाही, असं म्हणू नका. विश्वास ठेवणारं माणूस जवळ असलं की दुखणं सोसणं सोपं जातं.

ज्यांना नागीण आत्ता उठली आहे त्यांनी हा लेख बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा. विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झाल्या तर आजार लवकर आवरतो. कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड असतील तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, दृष्टीला धोका असतो. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी नागिणीची लस आता भारतात मिळते. 2 ते 6 महिन्यांच्या अंतराने दोन डोस. ती महाग आहे, पण पूर्वी नागीण होऊन गेलेल्यांनाही घेता येते. कधी घ्यायची हे पुढच्या भेटीत आपल्या डॉक्टरांना विचारा.